डोळे दिपतील, पण वाट दिसेल का?

खोक्यावर 'दहा हजार ल्युमेन' छापलेला टॉर्च घेऊन ट्रेकला निघायचा प्लॅन आहे? मग कार्ड स्वाइप करण्याआधी ही पानं वाचा. उजेडाचं गणित वाटतं तितकं सोपं नाही, आणि रात्री डोंगरात ते चुकलं तर जाम महागात पडतं!

शुक्रवारची संध्याकाळ. बॉसला शेवटचा मेल ठोकून झालाय, सॅक टेबलाखाली तयार आहे आणि ग्रुपवर 'साडेनऊला शिवाजीनगर, लेट कराल तर सोडून जाऊ' अशा धमक्या सुरू झाल्यात. मॅगी घेतली, पोंचो घेतला, पॉवर बँक घेतली. आणि टॉर्च? 'अरे, मोबाइलमध्ये आहे की!'

ही झाली पहिली जमात. दुसरी जमात याच्या बरोब्बर उलट. यांच्याकडे पाण्याच्या बाटलीएवढा टॉर्च असतो, त्यावर मोठ्ठा आकडा असतो आणि तो समोरच्या डोंगरावर मारून दाखवल्याशिवाय यांना झोप येत नाही. गंमत म्हणजे रात्रीच्या ट्रेकला या दोन्ही जमातींची अवस्था सारखीच होते. पहिलीचा मोबाइल मध्यरात्री बंद पडतो, दुसरीचा टॉर्च त्याच्याही आधी!

दर शनिवार-रविवारी सह्याद्रीत भटकायची सवय लागून मला आता बरीच वर्षं झाली. या काळात टॉर्च या विषयावर जेवढे वाद ऐकले, तेवढे कुठल्याच वस्तूवर ऐकले नाहीत. म्हणून म्हटलं, एकदा या आकड्यांचा फंडा नीट मांडूया.

विजेरी ते एलईडी

शब्दकोशातली ती विजेरी, गावाकडची बॅटरी आणि आपला टॉर्च. सेल एका नळीत एकामागे एक ठेवायची आयडिया डेव्हिड मायझेल या संशोधकाची. १८९९ साली त्याला अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. तेव्हाचे सेल इतके दुबळे होते, की दिवा सलग लावताच येत नसे. क्षणभर लावायचा, लगेच सोडायचा. म्हणून तर इंग्रजीत त्याला 'फ्लॅशलाइट' म्हणायला लागले!

पुढे अनेक दशकं पिवळ्या बल्बवरच काम भागलं. आजोबांचा दोन सेलचा पितळी टॉर्च आठवतोय? त्याचा उजेड असेल वीसेक ल्युमेन. २००३ साली नोकिया ११०० आला आणि टॉर्च थेट शर्टाच्या खिशात शिरला. जगभरात या फोनचे २५ कोटींच्या आसपास नग खपले, ते काही त्याच्या स्क्रीनमुळे नाही!

पण खरी क्रांती केली निळ्या एलईडीने. निळ्या चिपवर पिवळट फॉस्फरचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. हा निळा एलईडी शक्य करणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज तर एक लाख ल्युमेनचा टॉर्चही बाजारात आहे. इमॅलंट एमएस१८ त्याचं नाव. तो इतका तापतो, की त्याला गार ठेवायला आत चक्क पंखे बसवलेत. राजमाचीला न्यायचा विचार असेल तर बरोबर हमालही न्या.

ल्युमेन म्हणजे काय रे भाऊ?

टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून जो उजेड बाहेर पडतो, त्याचं माप म्हणजे ल्युमेन. अंदाज यावा म्हणून सांगतो. एक मेणबत्ती साधारण १२-१३ ल्युमेन. जुन्या हॅलोजन कारचा एक हेडलाइट लो बीमवर साधारण १,००० ल्युमेन. म्हणजे हजार ल्युमेनचा टॉर्च हातात असणं ही काही छोटी गोष्ट नाही.

आता यातली मेख ऐका. आपला डोळा उजेड सरळ हिशेबाने मोजत नाही. ५०० ल्युमेनच्या जागी १,००० आले तर उजेड 'डबल' वाटत नाही, थोडा वाढल्यासारखा वाटतो. डबल वाटायला हवा असेल तर साधारण चौपट ल्युमेन लागतात. म्हणजे ८००चा टॉर्च सोडून १,२००च्या मॉडेलसाठी हजार रुपये जास्त मोजणार असाल, तर डोळ्यांना त्यातला फरक फारसा जाणवणारच नाही. त्या पैशात दोन चांगल्या मिसळ पार्ट्या होतील!

लांब की रुंद?

ल्युमेन किती हे कळलं, पण ते जातात कुठे? ते सांगते कँडेला. एका दिशेला उजेड किती एकवटलाय, याचं हे माप. मोठा, खोल, गुळगुळीत रिफ्लेक्टर असला की उजेड भाल्यासारखा लांब जातो. हा 'थ्रो'. उथळ किंवा खडबडीत रिफ्लेक्टर असला, की तोच उजेड अंगणात सडा घातल्यासारखा पसरतो. हा 'फ्लड'. ल्युमेन तेवढेच, काम पूर्ण वेगळं.

खोक्यावर 'बीम डिस्टन्स २०० मीटर' असं लिहिलेलं असतं. त्यामागचं गणित सोपं आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दोनने गुणायचं. १०,००० कँडेलाचं वर्गमूळ १००, म्हणून अंतर २०० मीटर. आता २०० मीटरवर उजेड पडतो किती? पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका! तिथे काहीतरी आहे एवढं कळेल, पण ती म्हैस आहे की खडक, हे कळायला अंतर निम्मं करा. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो. आणि २०० मीटरचे ४०० मीटर हवे असतील तर कँडेलाही चौपट लागतात.

आता स्वतःलाच विचारा, रात्री चालताना आपण बघतो कुठे? पुढच्या पाच ते दहा पावलांवर. ४०० मीटरवरचा कडा रात्री दहा वाजता बघून करायचंय काय? लांबचा झोत लागतो तो चुकलेली वाट शोधायला आणि दरीपलीकडच्या टीमला खूण करायला. तेही काम महत्त्वाचंच, पण ते रात्रीतून पाच मिनिटांचं. बाकीचे पाच तास लागतो तो पायाशी पसरलेला शांत उजेड.

टर्बोचा फुगा

हा सगळ्यात मोठा गेम! खोक्यावरचा सगळ्यात मोठा आकडा 'टर्बो' मोडचा असतो आणि टर्बो टिकतो एक-दोन मिनिटं, फार तर थोडा जास्त. नंतर टॉर्च तापतो आणि एलईडी जळू नये म्हणून आतलं सर्किट आपणहून उजेड उतरवतं. यात फसवणूक काही नाही, टॉर्च स्वतःचा जीव वाचवतो इतकंच. पण हे तुम्हाला माहीत हवं.

चांगल्या कंपन्या आकडे देताना एफएल-१ हे स्टँडर्ड पाळतात. २००९ साली अमेरिकेत आलेलं हे स्टँडर्ड सांगतं, की उजेड सुरू केल्यावर ३० सेकंदांनी मोजायचा आणि तो सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ 'रनटाइम' म्हणून छापायचा. पुन्हा वाचा. १० टक्क्यांवर येईपर्यंत! म्हणजे '१,००० ल्युमेन, ३ तास' याचा अर्थ तीन तास हजार ल्युमेन असा नाही. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं हजार, बाकी वेळ २००-३०० असाही त्याचा अर्थ असू शकतो. म्हणून वेबसाइटवर रनटाइमचा ग्राफ दिला असेल तर तो आधी बघा, फोटो नंतर.

टोलार खिंडीच्या वर

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एका रात्रीची गोष्ट सांगतो. ऑगस्टमधला शनिवार, आम्ही सात जण, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड. माळशेज घाटात दरड साफ करायचं काम चालू होतं, त्यात गाडी तीन तास अडकली. टोलार खिंडीत पोचेपर्यंत दिवस मावळला. खिंडीवरचा रेलिंगचा कातळ चढून वर आलो आणि धुकं असं उतरलं, की पुढच्याची सॅक दिसेना. त्यात आमच्यातला एक जण ओल्या दगडावरून घसरला. घोट्यातून 'कट' असा आवाज आला आणि तो खालीच बसला.

मागे फिरावं तर ओला कातळ उतरणं जास्त धोक्याचं. पुढे गेलं तर वर मंदिराजवळ गुहा आणि गावकऱ्यांची झोपडी. पुढे जायचं ठरलं. धड पायांनी दोन तासांची ती वाट. पण पठारावरची ही वाट भल्याभल्यांना चकवते, हे ऐकून होतो.

सगळ्यात पुढे होता आमचा डेटाबेसवाला, त्याचा नवा कोरा 'दहा हजार ल्युमेन' घेऊन. त्याने टर्बो मारला आणि समोर पांढरी भिंत उभी राहिली! धुक्यात पाण्याचे कण असतात, ते उजेड परत आपल्याच डोळ्यांत फेकतात. उजेड जितका जास्त, तितकी भिंत जाड. दीड मिनिटात टॉर्च उतरला, त्याने पुन्हा टर्बो दाबला. पुन्हा उतरला, पुन्हा दाबला. नऊ वाजायच्या आत तो टॉर्च बंद पडला आणि स्पेअर सेल सॅकमध्ये नव्हता.

मग पुढे आली आमची टेस्टिंगमधली मैत्रीण. तिच्याकडे १५० ल्युमेनचा साधा हेडलॅम्प होता. तिने तो डोक्यावरून काढला, हातात धरला आणि गुडघ्याच्या उंचीवर आणून 'लो'वर लावला. चमत्कार! भिंत गायब आणि दगडांवर रंगवलेले बाण दिसायला लागले. एका बाणापाशी सगळ्यांनी थांबायचं, तिने दोरीचं एक टोक धरून पुढचा बाण शोधायचा, सापडला की हाक मारायची. शेवटच्या माणसाचं काम माझ्याकडे होतं. माझ्या टॉर्चचा ६० ल्युमेनचा मोड लावून मी फक्त जखमी मित्राच्या पायांवर उजेड धरून होतो. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून तो एकेक पाऊल टाकत होता. पाऊस थांबत नव्हता, त्याचे दात वाजत होते. मला एकच हिशेब सतावत होता. हे दोन दिवे विझले तर आम्हाला सातही जणांना पहाटेपर्यंत इथेच भिजत बसावं लागेल आणि त्याला ते झेपेल का?

दिवे विझले नाहीत. झोपडीत पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. सोमवारी एक्स-रे काढला, घोट्याला हेअरलाइन फ्रॅक्चर निघालं. त्या रात्री सगळ्यात जास्त ल्युमेनवाला टॉर्च सगळ्यात आधी बाद झाला आणि सात माणसांना वर नेलं ते २०० ल्युमेनपेक्षाही कमी उजेडाने.

यातून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. हेडलॅम्प डोळ्यांच्या रेषेतच असल्यामुळे खड्ड्यांच्या सावल्या दिसत नाहीत, जमीन सपाट भासते. उजेड कंबरेखालून आला की प्रत्येक दगडाची सावली पडते आणि खोली कळते. म्हणून माझ्या सॅकमध्ये दोन्ही असतात. हात मोकळे हवे तेव्हा हेडलॅम्प, वाट अवघड असेल तेव्हा हातातला टॉर्च.

सगळा खेळ सेलचा

आता टॉर्चच्या पोटात डोकावूया. आजच्या दमदार टॉर्चमध्ये बहुतेक वेळा १८६५० हा लिथियम-आयन सेल असतो. आकड्यातच त्याचं माप आहे. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. त्याचा मोठा भाऊ २१७००, म्हणजे २१ जाड आणि ७० लांब.

चांगला १८६५० साधारण ३,५०० एमएएचचा असतो. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की साडेबारा वॅट-अवर होतात. एका वॅटमध्ये साधारण १०० ल्युमेन मिळतात असं धरा. म्हणजे १०० ल्युमेनवर तो बारा तास चालेल, १,०००वर सव्वा तास. आणि १०,०००वर? साडेसात मिनिटं! तेही सेलने तेवढा करंट दिला तर, आणि तुमच्या हातांना गरम इस्त्री धरायची सवय असेल तर. एकच सेल आणि वर 'दहा हजार ल्युमेन' असं कुठे दिसलं, की हा भागाकार करा. गप्पा कुठे संपतात ते लगेच कळेल.

तीच गोष्ट '९,८०० एमएएच' छापलेल्या १८६५०ची. या आकाराच्या सेलमध्ये एवढी वीज मावतच नाही. ओळखायची ट्रिक सांगू? घरातला किचनचा वजनकाटा काढा. चांगला १८६५० ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. २५-३० ग्रॅमचा निघाला तर आत बराचसा ऐवज गायबच आहे.

आणि हा थट्टेचा विषय नाही. निकृष्ट लिथियम सेल तापून पेट घेऊ शकतो. वरचं प्लॅस्टिकचं आवरण फाटलेला सेल वापरू नका, चार्जिंगला लावून रात्रभर झोपू नका, आणि सुटा सेल किल्ल्या-नाण्यांच्या खिशात तर मुळीच टाकू नका. हिमालयात निघाला असाल तर विमानात सुटे सेल केबिन बॅगेत न्यायचे, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या बॅगेत ते चालत नाहीत.

टॉर्च सॅकमध्ये ठेवताना लॉक करा किंवा मागचं झाकण पाव आटा सैल करा. मोठा टॉर्च सॅकमध्ये चुकून टर्बोवर सुरू झाला तर काळं जॅकेट जाळू शकतो. अतिशयोक्ती नाही!

पाऊस आणि रंग

सह्याद्रीत जायचं म्हणजे पाणी आलंच. आयपीएक्स-४ म्हणजे फक्त उडणारं पाणी चालेल. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. जून ते सप्टेंबर भटकणाऱ्यांनी ७च्या खाली उतरू नये.

रंगाकडे तर कुणाचं लक्षच नसतं. स्वस्त टॉर्चचा उजेड निळसर पांढरा असतो, कारण त्यात कमी खर्चात जास्त ल्युमेन दाखवता येतात. त्या उजेडात तपकिरी आणि लाल रंग मरतात. पालापाचोळ्यात वेटोळं घालून बसलेलं फुरसं किंवा घोणस ओळखायची असेल, किंवा जखमेतून किती रक्त येतंय हे बघायचं असेल, तर ४,००० ते ५,००० केल्विनचा उजेड बरा. सीआरआय हा आकडा दिला असेल तर ९०च्या वर असलेला घ्या. ल्युमेन थोडे कमी मिळतील, पण दिसेल जास्त.

दुकानात काय विचाराल?

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन. कुठूनही घ्या, पण हे प्रश्न विचारा:

• एफएल-१ प्रमाणे आकडे आहेत का? नसतील तर ल्युमेनच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

• १०० ते ३०० ल्युमेनवर किती तास चालतो? तुमचा खरा टॉर्च हाच आहे.

• पाच-दहा ल्युमेनचा एकदम मंद मोड आहे का? तंबूत आणि नकाशा बघायला तोच लागतो.

• सेल बाहेर काढता येतो का आणि तो स्टँडर्ड मापाचा आहे का? कंपनीचा खास सेल असेल तर तो पुढे मिळेल याची गॅरंटी नाही.

• ओल्या हाताने, अंधारात, एका बोटाने चालू होतो का? सतरा क्लिकचे मोड दुकानात कूल वाटतात, कातळावर नाही.

• यूएसबी-सी चार्जिंग आहे का? मोबाइलचीच केबल चालली की सॅकमधली एक वस्तू कमी.

बजेटचं म्हणाल, तर कायम लागणाऱ्या ३०० ल्युमेनचा, गरजेला हजारापर्यंत जाणारा भरवशाचा टॉर्च ही बहुतेकांची गरज. त्यातले पैसे वाचवून एक स्पेअर सेल आणि एक छोटा हेडलॅम्प घ्या. घाटात पंक्चर झालेली बाइक, सोसायटीत गेलेली लाइट, नाइट शिफ्टनंतरची अंधारी गल्ली, सगळीकडे हाच सेट चालतो.

उजेड मारायचे मॅनर्स

टॉर्च घेतलात, आता तो कुणाच्या तोंडावर मारू नका. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात आणि तुमचा एक झोत ती सगळी मेहनत एका सेकंदात घालवतो. मे अखेरीस आणि जूनमध्ये काजवे बघायला भंडारदरा, पुरुषवाडी किंवा राजमाचीला जाल तेव्हा तर टॉर्च खिशातच ठेवा. काजवे लुकलुकतात ते जोडीदाराला बोलवायला. तुमच्या हजार ल्युमेनपुढे त्या बिचाऱ्यांचं बोलावणं दिसणार कसं? अगदीच गरज पडली तर लाल मंद मोड, तोही जमिनीकडे.

आणि एक खूण पाठ करून ठेवा. संकटात असाल तर एका मिनिटात सहा वेळा उजेड दाखवायचा, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा वेळा. समोरून मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं, की समजायचं आपल्याला कुणीतरी पाहिलंय. जगभरच्या गिर्यारोहकांची ही जुनी खूण आहे. त्याला ल्युमेनही फार लागत नाहीत. लागतो तो शेवटपर्यंत टिकलेला सेल.

तेव्हा येत्या शुक्रवारच्या आधी एक काम करा. टॉर्च फुल चार्ज करा, नेहमीच्या मोडवर लावून तो घरी किती तास चालतो ते घड्याळ लावून बघा आणि तो आकडा झाकणावर मार्करने लिहून टाका. आणि हो, मोबाइल सॅकमध्ये बंदच राहू दे. रेंज मिळाल्यावर रेस्क्यूला फोन करायला त्याच्यात चार्जिंग नको का?